हाउसिंग की फ्रेम? अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची दोन कवचे

अ‍ॅक्शन कॅमेऱ्यासाठी ‘वॉटरप्रूफ केस’ मागितली, की बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा ऑनलाइन काय, दोन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाने पुढे येतात. पहिली हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याला चहूबाजूंनी बंद करणारी, रबरी कड आणि घट्ट खिटी असलेली पारदर्शक पेटी. दुसरी फ्रेम, जिला कोणी केज म्हणतात तर कोणी स्केलेटन. ही कॅमेऱ्याला कडेकडेने धरते आणि माइक, बटणे, चार्जिंगचे दार या जागा उघड्या ठेवते. दोहोंचा आकार जवळजवळ सारखा असतो, हेल्मेटवर किंवा हँडलवर बसवण्यासाठी खालून निघणारी स्क्रूची बोटेही सारखीच असतात, आणि दुकानदार दोन्हींबद्दल सारख्याच आत्मविश्वासाने सांगतो, ‘घ्या की सर, पाण्यातपण चालतंय.’ प्रत्यक्षात हाउसिंग बाहेरचे काहीही आत येऊ देत नाही, तर फ्रेम धक्का झेलते आणि बाकीच्या साऱ्या वाटा मोकळ्या सोडते. पाणी अडवणे हे फ्रेमचे कामच नव्हे.

हा घोटाळा होण्यामागे या कॅमेऱ्यांचा इतिहास आहे. गोप्रोचा २०१४ सालचा हिरो ४ ब्लॅक हा कॅमेरा स्वतः जलरोधक नव्हता. पाण्यापासून त्याला वाचवत होती ती ४० मीटर खोलीपर्यंत चालणारी हाउसिंग. २०१५ मध्ये छोटा सेशन आला आणि २०१६ मध्ये हिरो ५ ब्लॅक आला. हे दोन्ही कॅमेरे कोणत्याही पेटीशिवाय १० मीटरपर्यंत पाणी सहन करू लागले. डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन ३ ने ही मर्यादा १६ मीटरवर नेली, ४ ने १८ वर आणि ५ प्रो ने २० वर. म्हणजे पाणी अडवण्याचे काम पेटीकडून कॅमेऱ्याच्या अंगाकडे आले आणि त्याबरोबर फ्रेमचे महत्त्व वाढले. फ्रेममध्ये बसवलेला आजचा कॅमेरा पावसात चालतो, हे खरेच आहे. पण ते श्रेय कॅमेऱ्याचे आहे, फ्रेमचे नाही.

सेकंडहँड कॅमेरा घेणाऱ्याने हा फरक सर्वांत आधी समजून घ्यावा. हिरो ३ आणि ४ च्या काळात हाउसिंगचे मागचे दार बदलता येत असे. बंद दार लावले तर ती पाण्यात चालणारी पेटी होई; खाचा असलेले स्केलेटन दार लावले तर आवाज चांगला येई, पण पाणी सरळ आत शिरे. समोरून पाहिल्यास दोन्ही अवस्थांमध्ये पेटी हुबेहूब तीच दिसते. त्यामुळे जुना कॅमेरा पेटीसह विकत घेतला आणि जुलैमध्ये चोर्ला घाटाच्या पावसात नेला, तर तो वाचेल की जाईल हे मागच्या दारावर ठरते. अशा व्यवहारात दोन्ही दारे मागून घ्यावीत, आणि बंद दार हरवले असेल तर कॅमेरा केवळ कोरड्या दिवसांचा आहे असे धरूनच किंमत करावी.

मीटरच्या आकड्याचा अर्थही नीट लक्षात घ्यायला हवा. पाण्यात दर १० मीटर खाली गेल्यावर दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, म्हणून १० मीटरचा कॅमेरा आणि ६० मीटरची हाउसिंग यांच्यातला फरक हा मुख्यतः दाबाचा फरक आहे. कॅमेऱ्याचा आकडा त्याची सगळी दारे बंद, स्वच्छ आणि मूळ अवस्थेत आहेत असे गृहीत धरून दिलेला असतो. फ्रेमबरोबर पुष्कळदा वायर आत जाईल असे चार्जिंगचे दार मिळते. पॉवर बँक लावून दिवसभर चित्रण करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ते सोयीचे असते, पण ते लावले की कॅमेऱ्याची जलरोधकता त्या क्षणापुरती संपते, मग फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असो वा प्लास्टिकची. पॅकेटवरच्या आयपी अंकांचेही, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची पातळी सांगणाऱ्या आकड्यांचेही, असेच आहे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कठीण, पण नेमके किती ते निर्माता सांगेल तितके. खोली आणि वेळ लिहिलेली नसेल, तर नुसत्या ८ वर विसंबून डुबकी मारण्यात अर्थ नाही.

आता आपल्या भागात कोणती वस्तू कुठे लागते ते पाहू. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पाऊस कितीही कोसळला तरी तो खोलीचा प्रश्न नसतो. नव्या कॅमेऱ्याला तिथे हाउसिंग लागत नाही, आणि तरीही पावसाळी सायकलस्वार हटकून हाउसिंगच विकत घेतात. तिचा तोटा घरी येऊन चित्रण ऐकल्यावर कळतो. बंद पेटीत माइक कोंडला जातो. बोललेले शब्द तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखे येतात, सोबत्याची हाक लागत नाही, इंजिनाचा आवाज तेवढा घुमतो. उघड्या फ्रेममध्ये आवाज स्वच्छ येतो, पण वेग वाढला की वारा माइकवर आदळून सगळे खाऊन टाकतो. त्यावर उपाय हाउसिंग नसून माइकवर बसणारे स्पंज किंवा हेल्मेटच्या आत लावलेला बाहेरचा माइक हा आहे. त्याची वायर फ्रेममधूनच बाहेर काढता येते, हाउसिंगमधून नाही; मात्र वायरसाठी कॅमेऱ्याचे दार उघडे राहत असेल, तर जलरोधकता वर सांगितल्याप्रमाणे संपते. प्रवासाचे वर्णन करत चित्रण करणाऱ्या मोटारसायकलस्वारासाठी आवाजाचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

उष्णतेचाही विचार करायला हवा. ४के चित्रण करताना कॅमेऱ्याचा प्रोसेसर चांगलाच तापतो आणि ती उष्णता त्याच्या अंगावरून वाहणारा वाराच काढून घेतो. फ्रेममध्ये हा वारा लागतो. हाउसिंगमध्ये कॅमेऱ्याभोवती हवेचा एक बंद थर असतो आणि तो उष्णता धरून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत निपाणी-चिकोडीकडच्या उघड्या रस्त्यावर, आणि विशेषतः गाडी थांबवून कॅमेरा चालूच ठेवला असताना, हाउसिंगमधला कॅमेरा तापून आपोआप बंद पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. पाण्याखाली हाच दोष उरत नाही, कारण तिथे पाणीच पेटी थंड करते.

पण नेमके तिथेच दुसरी अडचण सुरू होते, ती धुक्याची. राफ्टिंगला जोयडा तालुक्यातील गणेशगुडीला गेलेल्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. काठावरच्या दमट, उबदार हवेत पेटी बंद केली की ती हवा बाष्पासकट आत अडकते; कॅमेरा चालू होऊन तिला आणखी ऊब देतो; मग सुपा धरणातून सुटलेल्या काळी नदीच्या गार पाण्याचा सपकारा पेटीच्या काचेवर बसला, की आतले बाष्प काचेच्या आतल्या बाजूला जमते. बाहेरून कितीही पुसले तरी उपयोग नसतो, आणि पेटी नावेत उघडणे म्हणजे शिंतोड्यांना आत बोलावणे. यावर उपाय आधीच करावा लागतो. पेटी शक्यतो वातानुकूलित गाडीत किंवा कोरड्या खोलीत बंद करावी, कॅमेऱ्याच्या बाजूच्या फटीत ओल शोषणाऱ्या पातळ पट्ट्या सरकवाव्यात, आणि तयारी करताना पेटी उन्हात ठेवू नये. फ्रेममध्ये ही कटकट नसते, कारण बाष्प कोंडले जाईल अशी जागाच तिच्यात नसते.

तरीही त्या नदीवर काय न्यावे, याबद्दल माझे मत पूर्णपणे फ्रेमच्या बाजूने नाही. तिथे धोका खोल पाण्याचा नसून खडकाचा आणि शेजाऱ्याच्या वल्ह्याचा असतो. फ्रेम कडांवर बसणारा मार सोसते, पण भिंगासमोर तिचे काहीच नसते. समोरून टोक लागले तर ते थेट काचेवर बसते. हाउसिंगची खिडकी खरचटली तर पेटी बदलता येते. ज्या कॅमेऱ्यांच्या भिंगावरची काच फिरवून काढता येते, त्यांच्या बाबतीत नवी काच लावून काम भागते. पण गोप्रो हिरो ८ ब्लॅकसारख्या कॅमेऱ्यात ती काढता येत नाही, आणि तिथे एक चरा म्हणजे मोठी दुरुस्ती. म्हणून काच बदलता येत असेल तर फ्रेम आणि नसेल तर हाउसिंग, असे मी सुचवेन. दोन्ही बाबतीत मनगटाला किंवा जॅकेटला दोरी हवीच; पेटीतली हवा कॅमेऱ्याला तरंगत ठेवेल हा भरवसा धरू नये.

डायव्हिंगसाठी मात्र हाउसिंगला पर्याय नाही. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे स्कूबासाठी आपल्याकडचे बरेच जण जातात. प्राथमिक स्कूबा प्रमाणपत्रावर जास्तीत जास्त १८ मीटर खोल जाता येते, म्हणजे १० मीटरचा कॅमेरा फ्रेममध्ये नेणे हे सरळ सरळ कॅमेरा बुडवणे होय, आणि ज्यांचा आकडा १८ किंवा २० आहे तेही आपल्या मर्यादेच्या काठावरच वापरले जातील. इथे हाउसिंग हवी, आणि तीही आपल्या मॉडेलसाठी बनवलेली. एक बारीक गोष्ट मॉडेल पाहून तपासावी: हिरो ५ ते ७ च्या हाउसिंगमध्ये कॅमेरा बसवण्यापूर्वी भिंगावरची काच काढावी लागते, ती तशीच ठेवून दार दाबले तर खिटी नीट बसत नाही. स्वस्त हाउसिंगची स्प्रिंग कमकुवत असेल, तर खोलवर पाण्याचा दाबच बटण दाबून धरतो आणि चित्रण मध्येच बंद होते. पाण्याखाली चित्र थोडे जवळचे आणि अरुंद दिसते, त्याचा दोष मात्र हाउसिंगला देऊ नये. सपाट काचेतून पाण्यात पाहिले की असे होतेच, उघड्या कॅमेऱ्यातही होते. फुगीर काचेच्या अगदी जुन्या पेट्यांमध्ये चित्र पाण्याखाली धूसर येत असे; त्या मिळाल्या तरी घेऊ नयेत.

बेळगाव-खानापूरच्या सायकलस्वाराला पाण्याहून जास्त त्रास देणारी वस्तू म्हणजे जांभ्याची तांबडी माती. पावसात तिचा चिखल पुढच्या चाकावरून उडतो आणि वाळला की बारीक खरखरीत भुकटी होते. फ्रेमच्या उघड्या खाचांतून ती बॅटरीच्या दाराच्या कडेला, बटणांच्या भोवती आणि माइकच्या जाळीत बसते. त्या अवस्थेत दार उघडून बंद केले की एखादा कण दाराच्या रबरावर चिकटतो, आणि कॅमेऱ्याची १० मीटरची हमी तेवढ्या एका कणापाशी संपते. चिखलाच्या रस्त्यांवर, विशेषतः कॅमेरा छातीवर किंवा हँडलवर खाली बसवणार असाल, तर आवाज गमावूनही हाउसिंग लावणे मला योग्य वाटते. हेल्मेटवर उंच बसवलेल्या कॅमेऱ्याला हा मार कमी लागतो, तिथे फ्रेम पुरते आणि मानेवरचे वजनही हलके राहते. फ्रेममधला कॅमेरा घरी आल्यावर आधी नळाखाली धुवावा, पुसून कोरडा करावा आणि मगच त्याचे दार उघडावे. हा क्रम उलटा झाला तर माती आत जाते.

दुकानात उभे राहून दोन्ही ओळखायचे असतील तर खोक्यावरचा मजकूर बाजूला ठेवून दार उघडून पाहावे. हाउसिंगच्या दाराला रबराची अखंड कड असते. तिच्यावरून बोट फिरवले तर ती कुठेही तुटत नाही, सांधा लागत नाही, आणि खिटी बंद करताना शेवटी थोडा जोर द्यावा लागतो. रबर नसेल, किंवा असूनही दारात आवाजासाठी खाच असेल, तर ती वस्तू फ्रेमच आहे, भले ती कॅमेऱ्याला सहाही बाजूंनी झाकत असो. हाउसिंग नवी असली तरी पहिल्यांदा ती कॅमेऱ्याशिवाय तपासावी. आत टिपकागदाचा कोरडा तुकडा आणि वजनासाठी दोन-चार नाणी टाकून ती अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावी, मध्ये सगळी बटणे दाबावीत, बाहेर काढून पुसावी आणि मग कागदाच्या कडा पाहाव्यात. ही परीक्षा ६० मीटरची खात्री देत नाही, पण निरुपयोगी नाही. खोलवर दाबच दाराला रबरावर आवळून धरतो, त्यामुळे नीट न बसलेल्या कडेतून होणारी गळती पुष्कळदा पहिल्या हात-दोन हात पाण्यातच दिसून येते.

रबराच्या कडेला ग्रीस लावावे का, याचे उत्तर माहितीपत्रकातच शोधावे. काही कडा कोरड्याच वापरायच्या असतात, आणि सिलिकॉनच्या कडेला सिलिकॉनचेच ग्रीस लागले तर ती फुगू शकते. केस, धागा, वाळूचा कण यांसाठी ती प्रत्येक वेळी उजेडात धरून पाहणे हेच मुख्य काम. कारवार किंवा मुरुडेश्वरच्या समुद्रातून आल्यावर हाउसिंग बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवावी आणि पाण्यातच बटणे दाबत राहावीत, नाहीतर स्प्रिंगमध्ये मीठ साठून बटण अडकते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमही तशीच धुवावी, कारण खाऱ्या पाण्याने तिचे स्क्रू अडकून बसतात. दोन्ही सावलीत वाळवाव्यात, आणि हाउसिंग कपाटात ठेवताना खिटी उघडी ठेवावी, म्हणजे रबराची कड महिनोन्महिने दाबलेली राहून चपटी होत नाही.