हॉलमार्क सोन्याचा आहे, हिऱ्याचं काय?

साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी कुणी दाखवायला आणली की मी आधी हिऱ्याचा कागद, म्हणजे प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट, मागतो. समोरून उत्तर ठरलेलं येतं : "हॉलमार्क शे ना!" मी म्हणतो, तो सोन्याचा. त्यावर घरातलं एखादं वडीलधारं माणूस शांतपणे सांगतं, "सोनं खरं शे, मंग हिरा बी खराच व्हई." दुकानदार चांगला असेल तर हिरा खरा असतोही. पण तसं त्या हॉलमार्कमध्ये कुठेही म्हटलेलं नसतं. आणि खरा असला तरी तो किती चांगला आहे, हा प्रश्न उरतोच. पैसे त्या प्रश्नापाशी जातात.

सोन्याचं खानदेशातल्या माणसाला शिकवायची गरज नाही, म्हणून तेवढं उरकून घेतो. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे अगदी हलक्या अंगठीवर तो नसेल तर लगेच फसवणूक समजू नका. पण त्या सोन्याचा टंच बिलावर लिहून घ्या.

आणि एक हट्ट सोडा. हिऱ्याची अंगठी बावीस कॅरेटमध्येच हवी, असं सांगत जळगावच्या सराफ बाजारात दुकानं पालथी घालणारी माणसं मी पाहिली आहेत. बावीस कॅरेट सोनं मऊ असतं. हिरा पकडून ठेवणारे चार-सहा बारीक आकडे, ज्यांना दुकानात प्राँग म्हणतात, ते रोजच्या वापरात वाकतात आणि एक दिवस हिरा कुठे पडला ते कळत नाही. म्हणून हिऱ्यासाठी १८ कॅरेट, म्हणजे ७५० चा शिक्का (हजारात ७५० भाग सोनं). त्यात कमीपणा काही नाही. भाव १८ चाच लावला आहे ना, एवढं बघा.

आता मुद्द्यावर येतो. हॉलमार्क आणि हिऱ्याचं सर्टिफिकेट हे एकाच जातीचे दोन शिक्के आहेत, एक धातूचा आणि एक खड्याचा, असं जवळजवळ सगळे समजतात. तसं नाही. हॉलमार्क हा कायद्याने ठरवलेला पास-नापासचा निकाल आहे. ७५० म्हणून पाठवलेला दागिना तपासणीत ७५० भरला नाही तर त्यावर तो शिक्का बसत नाही. सर्टिफिकेट ही गुणपत्रिका आहे, आणि या परीक्षेत कुणी नापासच होत नाही. आतून भेगाळलेला, डोळ्यांना काळे ठिपके दिसणारा, पिवळसर झाक असलेला हिरा प्रयोगशाळेत नेला तरी त्याला सर्टिफिकेट मिळतं. तिथे फक्त लिहिलेलं असतं की हा हिरा असा असा आहे. म्हणून "सर्टिफाइड डायमंड" या दोन शब्दांना स्वतःची किंमत काहीच नाही. दुकानाच्या पाटीवर ते शब्द वाचून समाधान मानणारा गिऱ्हाईक गुणपत्रिका न उघडताच पेढे वाटतो.

त्या कागदावर चार गोष्टी असतात : वजन, रंग, स्वच्छता आणि कट. वजन कॅरेटमध्ये. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, इथला वजनाचा : एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. रंग इंग्रजी अक्षरांत, डी पासून झेडपर्यंत. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे पुढे पिवळसरपणा वाढत जातो. स्वच्छता, म्हणजे हिऱ्यात डाग-भेगा किती ते, निर्दोष एफएलपासून सुरू होऊन व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशी उतरत डोळ्यांनाही दोष दिसणाऱ्या आय-३ पर्यंत. गोल हिऱ्याला कटचा, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्याचा, शेरा असतो, एक्सलंटपासून पूअरपर्यंत. आता दोन अंगठ्या शेजारी ठेवा. दोन्हींत ३० सेंटचा हिरा, दोन्ही सर्टिफाइड, दोन्हींवर ७५० चा हॉलमार्क. एकीचा कागद सांगतो एफ रंग, व्हीएस-१, कट एक्सलंट. दुसरीचा सांगतो के रंग, आय-१, कट गुड. पहिल्या हिऱ्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असते. अंगठीच्या आत मात्र एचयूआयडी सोडला तर अक्षराचाही फरक नाही. हॉलमार्क बघून हिरा घेणाऱ्याला या दोन अंगठ्या सारख्याच वाटणार.

या गोंधळाचं मूळ आपल्या सोन्याच्या सवयीत आहे. सोन्याला रोजचा भाव असतो, तो फळ्यावर लिहिलेला असतो. वजन गुणिले भाव, वर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी, की हिशेब झाला. जळगावच्या सुभाष चौकात आणि शहाद्याला त्यात फार फरक पडत नाही. हिऱ्याला असा फळा नाही. एक कॅरेटचा एक हिरा अर्ध्या कॅरेटच्या दोन हिऱ्यांपेक्षा बराच महाग पडतो, कारण मोठा खडा दुर्मीळ. त्यामुळे "हिऱ्याचा भाव काय चाललाय?" हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या रंगाचा, कोणत्या स्वच्छतेचा, कोणत्या कटचा, हे सांगितल्याशिवाय भाव नसतो. सर्टिफिकेटवरही किंमत लिहिलेली नसते. त्याचा उपयोग एवढाच की तोच तपशील घेऊन तुम्ही दुसऱ्या दोन दुकानांत विचारू शकता. आणि तो उपयोग फार मोठा आहे.

पण कागद कोणता, हेही बघावं लागतं. खूप दुकानांत अंगठीबरोबर एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिकचं कार्ड देतात. त्यावर अंगठीचा फोटो, एकूण वजन, हिऱ्यांचं एकूण वजन, रंगापुढे "जी-एच", स्वच्छतेपुढे "व्हीएस-एसआय". खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : बसवलेल्या स्थितीत जेवढं तपासता आलं तेवढं तपासलं. ती ओळ वाचाच. हिरा सोन्यात बसवला की त्याच्या कडा झाकल्या जातात, सोन्याचा पिवळेपणा त्यात उतरतो, वजनही मापं घेऊन अंदाजाने काढावं लागतं. म्हणून कार्डावर एक अक्षर न देता दोन अक्षरांची पट्टी देतात. दोन-दोन सेंटच्या बारीक हिऱ्यांसाठी हे कार्ड पुरेसं आहे. त्यांचा प्रत्येकी कागद कुणी करत नाही. पण अंगठीत मध्यभागी एकच मोठा हिरा असेल आणि तुम्ही त्याच्यासाठीच पैसे मोजत असाल, तर तो सुटा असताना तपासलेला स्वतंत्र रिपोर्ट हवा. ३० सेंटच्या वर मी याबाबत तडजोड करत नाही. आधी सुटा हिरा आणि त्याचा रिपोर्ट बघायचा, मग अंगठीत बसवून घ्यायचा.

त्याच कार्डावर आणखी एक जागा माणसाला गोत्यात आणते. हिऱ्यांचं वजन ०.५० कॅरेट लिहिलंय म्हणून घरात सांगितलं जातं की अर्ध्या कॅरेटचा हिरा आहे. नीट बघितलं तर सात बारीक हिरे फुलासारखे जवळजवळ बसवलेले असतात आणि ०.५० ही त्या सगळ्यांची बेरीज असते. अर्ध्या कॅरेटच्या एका खड्याशी त्याची किंमत जुळवता येत नाही. अंगठी सुंदर असेल, घ्यायला हरकत नाही, पण सात हिऱ्यांच्या भावाने घ्या.

रिपोर्ट देणाऱ्या संस्थांत जीआयए आणि आयजीआय ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. जीआयए १९३१ ची, अमेरिकेतली. रंग-स्वच्छतेची आजची अक्षरं तिनेच रूढ केली. आयजीआय १९७५ ची, अँटवर्पची. मोठ्या एकट्या नैसर्गिक हिऱ्याला मी जीआयए मागतो, बारीक कामाला आयजीआय चालतं. दोन संस्थांच्या अक्षरांची आपसांत तुलना मात्र करू नका. तोच हिरा एका ठिकाणी जी आणि दुसऱ्या ठिकाणी एच ठरू शकतो. दुकानातच बसून रिपोर्टचा नंबर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. बहुतेक वेळा हाच नंबर हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यांत रुंद भागाच्या कडेवर, लेझरने कोरलेला असतो. सराफाकडे भिंग असतंच, ते मागून घ्या आणि नंबर स्वतः वाचा. चांगला सराफ यात अपमान मानत नाही.

लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याबद्दल थोडक्यात. तो अमेरिकन डायमंड, म्हणजे नकली खडा, नाही, खराच हिरा आहे, फक्त खाणीतला नाही. डोळ्यांना फरक कळत नाही, दुकानातल्या साध्या टेस्टर पेनलाही कळत नाही. कागदावर मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं. गेल्या काही वर्षांत त्याचे भाव खूप उतरले आहेत. उघडपणे, त्याच्या भावाने घेतला तर मला आक्षेप नाही, मोठा खडा हवा असणाऱ्याला तो परवडतो. नैसर्गिकच्या भावात पदरी पडू नये म्हणून बिलावर "नैसर्गिक" किंवा "लॅब" हा शब्द लिहून घ्या.

मग पैसे कुठे घालायचे? माझं ठाम मत : कटमध्ये. हिऱ्याची चमक त्याच्या पैलूंच्या कोनांतून येते, वजनातून येत नाही. वजन राखण्यासाठी खोल ठेवलेला हिरा वरून लहान दिसतो आणि मधोमध काळवंडतो. चांगल्या कटचा अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण पाच मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. मापं रिपोर्टवर असतात, ती वाचा. कट एक्सलंट ठेवून बाकीच्यात खुशाल काटकसर करा. आपल्याकडे अंगठी पिवळ्या सोन्याचीच लागते. पिवळ्या सोन्यात डी किंवा ई रंगाचे पैसे भरणं म्हणजे ते पैसे सोन्याच्या झाकेत बुडवणं. एच, आय, अगदी जे सुद्धा पिवळ्या सोन्यात छान दिसतो. व्हीव्हीएस आणि व्हीएस-२ यांतला फरक भिंगाशिवाय दिसत नाही. एसआय-१ मध्येही डोळ्यांना स्वच्छ दिसणारे हिरे मिळतात, फक्त ते कागदावरून न घेता हातात घेऊन निवडावे लागतात. आणि पन्नासऐवजी पंचेचाळीस सेंट घ्या. अर्धा, पाऊण, एक अशा गोल आकड्यांवर भाव उडी मारतो. पाच सेंटच्या फरकाने व्यासात जेमतेम पाव मिलिमीटरही फरक पडत नाही. बोटात घातल्यावर तो कुणाला दिसणार नाही.

बिल वाचताना सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का ते बघा. अंगठी ३.५६० ग्रॅम भरली आणि त्यात ३० सेंटचा हिरा असेल, तर ६० मिलिग्रॅम हिऱ्याचे वजा जाऊन सोनं ३.५०० ग्रॅम. एका खड्यात हा फरक किरकोळ, पण खड्यांनी भरलेल्या दागिन्यात तो चांगलाच जाणवतो. हिऱ्याची रक्कम, सोन्याची रक्कम, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क अशा चार वेगळ्या ओळी हव्यात. "घडणावळ माफ" ही जाहिरात मला मुळीच आवडत नाही. घडणावळीवर सूट दिली आणि हिऱ्याचा दर मनाला येईल तो लावला, तर तुम्हाला काय मिळालं? ज्या वस्तूला फळ्यावरचा भाव नाही, तिथली सूट मोजायची कशी?

परतीचंही घेतानाच विचारा. सोन्याचा मोड घातला की त्या दिवसाच्या भावाने पैसे मिळतात, ही आपली सवय. हिऱ्याचं तसं नसतं. बदलून घेताना किती टक्के आणि रोख हवे असतील तर किती टक्के, हे दोन वेगळे आकडे असतात, आणि ते प्रत्येक दुकानाचे वेगळे. दोन्ही बिलावर लिहून घ्या. कापसाचे पैसे हातात आल्यावर "सोन्यासारखीच ठेव" म्हणून हिरा घेऊ नका. ठेव हवी तर सोनं घ्या, अंगठी हवी तर हिरा.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी सुरतला आहे, आणि जगातले बहुतेक हिरे सुरतेतच पैलू पाडून निघतात. त्यामुळे "आमचे शालक कारखान्यात आहेत, निम्म्या भावात आणतील" हे ऐकायला मिळतंच. आणू द्या, पण रिपोर्टसकट. पुडीतून आलेला हिरा कितीही विश्वासाच्या माणसाने आणला तरी त्याचा रंग आणि कट त्या माणसाच्या शब्दावर ठरत नाही. पाहुण्यालाच सांगा, तिथेच प्रयोगशाळेत टाकून कागद घेऊन या. सुरतेत ती सोय आहे. शालकांना राग येणार नाही, या धंद्यातल्या माणसाला कागदाची सवय असते.

साखरपुड्यानंतर बहुतेक अंगठ्या मापाला लहान-मोठ्या करायला परत जातात. तेव्हा बाहेरच्या कारागिराकडे टाकण्याआधी हिऱ्याच्या कडेवरचा नंबर पुन्हा वाचून घ्या आणि अंगठी परत घेताना तोच नंबर जुळवा. आतला हॉलमार्क कापाच्या जागेत येत असेल तर तसं कारागिराला आधी दाखवा, म्हणजे तो दुसऱ्या बाजूने कापेल.