चवथीआधी बंद केलेली गोळी

चवथीच्या फोटोंत चेहरा सुजलेला दिसू नये म्हणून आमच्या डिचोलीच्या काकूंनी गोळी परस्पर बंद केली. संधिवातासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं. बोटं पुन्हा वळू लागली होती, पण गाल चंद्रासारखे गोल झाले होते. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या दिवशी काकू उलट्या करत भुईवरच बसल्या. रक्तदाब पार खाली.

दोष गोळीचा नव्हता, ती एकदम तोडण्याचा होता. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करते. ताकदीने मोजलं तर साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की मेंदूकडून तिला हुकूम येईनासा होतो आणि ती आळसावते, आक्रसते. काही आठवड्यांच्या सवयीनंतर गोळी अचानक गेली, तर ती लगेच कामाला लागत नाही. पूर्ववत व्हायला कधी कधी महिने जातात. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया असेल तर उलट तो तात्पुरता वाढवावाही लागतो. किती, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं बरं.

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या बाईला याच जातीचं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल त्यात वाटेकरी असलेल्या तिघांना मिळालं. दुष्परिणामही फार काळ लपले नाहीत.

हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी सुरुवातीलाच. रक्तातल्या साखरेची गंमत अशी की सकाळी गोळी घेतली तर साखर दुपारनंतर चढते. नुसती उपाशीपोटीची तपासणी फसवते. मोतीबिंदू, काचबिंदूसाठी डोळे दाखवायचे. संसर्ग झाला तरी ताप दबून राहतो. रक्तदाबासाठी मिठावर लगाम हवा, आणि इथे आपलं गोंयकारपण आडवं येतं: पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी, लोणचं, पापड!

पावसाळ्यात फार्मसीतून आणलेल्या गजकर्णाच्या मलमांचीही तीच कथा. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते.

काकूंचा डोस आता महिन्याला एकेक मिलिग्रॅमने उतरतोय. पर्समध्ये चिठ्ठी असते: ‘स्टेरॉइड चालू आहे.’