टोस्ट आणि तहान

आमच्या इंदूरला टोस्ट मागितला की दुकानदार बरणीत हात घालून कडक, बडीशेपेच्या वासाचा तुकडा काढतो. तव्यावरची पावाची स्लाइस हवी असेल तर मी 'ब्रेड सेकून द्या' म्हणतो. (शेकून नव्हे, सेकून. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.)

इंग्रजीत हा शब्द १४०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ लॅटिन, अर्थ भाजून सुकवणं. उष्ण कटिबंधाला लावतात तो 'टॉरिड' याच घरातला. त्याही मागे गेलं की 'सुकणे' अशा अर्थाचा एक प्राचीन धातू लागतो आणि संस्कृतातला 'तृष्' त्याचाच. तृष्णा, प्राकृतात तण्हा, मराठीत तहान. म्हणजे टोस्ट आणि तहान ही चुलत भावंडं. एकाचा पाव सुकला, दुसरीचा घसा.

पण पेला उंचावून कुणाच्या नावानं पिण्यालाही टोस्टच का म्हणावं? जुन्या इंग्लंडात वाइनच्या पेल्यात मसाला लावलेला भाजका पाव टाकत, चवीसाठी. पुढे, सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिच्या नावानं पेला भरायचा त्या सुंदरीलाच टोस्ट म्हणू लागले. पावानं चव यायची, तशी आता तिच्या नावानं. १७०९ साली लंडनच्या एका नियतकालिकात किस्सा छापून आला. बाथ गावच्या कुंडात एक रूपवती स्नानाला उतरली होती. एका चाहत्यानं त्याच पाण्याचा पेला भरून तिच्या नावानं घेतला. शेजारचा झिंगलेला गडी म्हणाला, पाणी तुम्हालाच राहू द्या, त्यातला टोस्ट मात्र मी नेणार! किस्सा रचलेला वाटतो. पण पेल्यात टोस्ट असतो हे वाचणाऱ्याला ठाऊक होतं, एरवी विनोद कळलाच नसता.

बेकरीतला आपला टोस्ट दोनदा भाजलेला असतो. आधी पाव, मग त्याचे काप पुन्हा भट्टीत, ओल पार उडेपर्यंत. गंमत म्हणजे 'दोनदा भाजलेलं' हा मुळात 'बिस्किट' या शब्दाचा अर्थ, आणि आजचं बिस्किट भाजतात एकदाच. व्युत्पत्तीला विचारलं तर दोन बरण्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल कराव्या लागतील.

चार वाजताच्या चहात टोस्ट बेतानं बुडवला तर ठीक. गप्पांच्या नादात राहून गेला की अर्धा कपात गळून पडतो आणि तळाशी बसलेला लगदा चमच्यानं उपसावा लागतो. त्या इंग्रज मंडळींच्या पेल्यात शेवटच्या घोटाला हेच येत असणार.