पिजन ऑर्किड पावसाच्या पाण्याने फुलत नाही

पिजन ऑर्किड (डेंड्रोबियम क्रुमेनॅटम) भरपूर पाणी मिळालं की फुलतं, हा जुना समज. त्यापायी हौशी मंडळी पाण्याचा मारा करून मुळं कुजवतात. खरं कारण गारवा. कळ्या अर्धवट वाढून थांबलेल्या असतात. वादळी सरीने तापमान अचानक पाचेक अंशांनी उतरलं की त्यांची वाढ पुन्हा सुरू होते. साधारण ९ दिवसांनी सिंगापूरसारख्या शहरात ठिकठिकाणची झाडं एकाच दिवशी पांढरीशुभ्र! वास सुरेख, आयुष्य मात्र जेमतेम एक दिवस. आपल्याकडे हे अंदमानात आढळतं. फूल नसताना ओळखायचं तर खोड बघा: बुडाशी फुगीर, मध्ये पानं, शेंड्याला नुसती काडी. कळ्या त्या काडीवरच धरतात, तेव्हा वाळकी समजून ती छाटू नका.