सयाजीरावांची नातवंडं कोण? प्रोलॉगला विचारून पाहू

बडोद्यात रावपुऱ्यातून दांडिया बाजाराकडे जाताना हल्ली क्लासच्या पाट्यांवर ‘एआय शिका’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. एआय म्हणजे ढीगभर मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखणारं यंत्र, एवढीच त्यामुळे अनेकांची समजूत झाली आहे. पण याच क्षेत्रात पन्नास वर्षांहून जुनी दुसरी वाट आहे, तर्काधारित प्रोग्रॅमिंगची. शाळेतली भूमिती ज्याला आवडली, त्याला ती नक्की आवडेल. दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढायचा, आणि तो का निघाला हे दाखवता आलं पाहिजे.

१९६५ मध्ये जे. ए. रॉबिन्सन यांनी यंत्राला झेपेल अशी सिद्धतेची एक रीत मांडली. फ्रान्समधल्या मार्सेत आलँ कोलमेरोएर यांना यंत्राशी फ्रेंचमध्ये संवाद साधायचा होता. एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्कींशी झालेल्या विचारविनिमयातून १९७२ च्या सुमारास त्यांनी आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग ही भाषा घडवली. २०११ मध्ये ‘जेपर्डी’ ही प्रश्नमंजुषा जिंकणाऱ्या आयबीएमच्या वॉटसनमध्येही वाक्यांची रचना तपासायला प्रोलॉग वापरली होती.

तिची खरी गंमत मात्र आतल्या शोधात आहे. आपल्या बडोद्याचंच घराणं घेऊ, महाराज सयाजीराव गायकवाडांचं:

वडील(सयाजीराव, जयसिंहराव).
वडील(सयाजीराव, फत्तेसिंहराव).
वडील(सयाजीराव, इंदिराराजे).
वडील(फत्तेसिंहराव, प्रतापसिंहराव).

आजोबा(_आ, _ना) :- वडील(_आ, _म), वडील(_म, _ना).

पहिल्या चार ओळी ही तथ्यं. पाचवी ओळ नियम: ‘आ’ हा ‘म’चा बाप आणि ‘म’ हा ‘ना’चा बाप असेल, तर ‘आ’ हा ‘ना’चा आजोबा. अधोरेषेने सुरू होणारी नावं बीजगणितातल्या चलांसारखी, अजून किंमत न ठरलेली. (इंग्रजीत चलाला मोठं अक्षर चालतं, देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून अधोरेषा.)

आता विचारा: आजोबा(सयाजीराव, _कोण). नातवंड कसं शोधायचं, हे आपण कुठेच लिहिलेलं नाही. यंत्र आधी प्रश्न नियमाच्या डोक्याशी, म्हणजे ‘:-’च्या आधीच्या भागाशी, जुळवतं. ‘आ’ची जागा सयाजीराव घेतात. मग वडील(सयाजीराव, _म) याला जुळणारं तथ्य वरून खाली शोधतं. पहिलंच जुळतं आणि ‘म’ होतो जयसिंहराव. पुढचा शोध वडील(जयसिंहराव, _ना) असा. तसं तथ्य यादीत नाही. इथे यंत्र अडून बसत नाही. शेवटची निवड जिथे केली तिथवर माघारी येतं, ‘म’ला दिलेली किंमत पुसतं आणि पुढचं तथ्य उचलतं. आता ‘म’ म्हणजे फत्तेसिंहराव, आणि उत्तर येतं प्रतापसिंहराव. अर्धविराम दाबून ‘आणखी कोणी?’ विचारलं, की पुन्हा माघार, मग इंदिराराजेंचा प्रयत्न, आणि शेवटी ‘नाही’. या माघारीला बॅकट्रॅकिंग म्हणतात. एवढ्याशा युक्तीवर अख्खी भाषा उभी आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

ते ‘नाही’ मात्र चूक आहे. इंदिराराजेंच्या कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, सयाजीरावांची नातच. प्रोलॉगच्या लेखी जे यादीतून सिद्ध होत नाही ते खोटं, आणि आपण आईचा विचारच केला नव्हता. दुरुस्ती अशी:

आई(इंदिराराजे, गायत्रीदेवी).
पालक(_क, _ख) :- वडील(_क, _ख).
पालक(_क, _ख) :- आई(_क, _ख).

आणि आजोबाच्या नियमातला दुसरा ‘वडील’ बदलून ‘पालक’ करायचा. चूक कुठल्या ओळीत होती ते बोट ठेवून दाखवता आलं. चॅटबॉटने नातं चुकीचं सांगितलं तर त्याच्या अब्जावधी आकड्यांत अशी ओळ सापडत नाही. कर्ज नाकारणं किंवा औषधाची मात्रा ठरवणं अशा कामांत हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण तर्क बिनचूक असला म्हणून निष्कर्ष खरा ठरत नाही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर पत्रिकेला मंगळ, हा नियम प्रोलॉगमध्ये एका ओळीत बसतो, आणि यंत्र तो इमानेइतबारे लावतं. म्हणून ‘कॉम्प्युटरने काढलेली पत्रिका’ शास्त्रीय होत नाही. मंगळाचा लग्नाशी संबंध आहे हे गृहीतकच निराधार आहे, आणि त्यापायी आजही चांगली स्थळं मोडतात.

प्रोलॉग चालवणारं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि देवनागरी नावंही चालतात. सुरुवात स्वतःच्या घराण्यापासून करा. गुंता लगेच भेटेल. सयाजीराव मूळचे कवळाण्याचे गोपाळराव, काशीरावांचे चिरंजीव. १८७५ मध्ये दिवंगत महाराज खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, म्हणून दत्तक वडील खंडेराव. दोघांनाही नुसतं ‘वडील’ लिहिलं, तर फत्तेसिंहरावांचे आजोबा विचारल्यावर दोन्ही नावं येतील. तेव्हा नाती वेगळी करायची आणि वारशाचा नियम दोन ओळींत लिहायचा:

वारसा(_बाप, _मूल) :- दत्तक_वडील(_बाप, _मूल).
वारसा(_बाप, _मूल) :- जन्मदाते(_बाप, _मूल), \+ दत्तक_वडील(_, _मूल).

‘\+’ म्हणजे ‘असं सिद्ध होत नसेल तर’, आणि नुसती ‘_’ म्हणजे ‘कोणीही’. सयाजीरावांसाठी दुसरी ओळ इथेच अडते, आणि काशीरावांचं नाव उत्तरात येत नाही.