जुनं फर्निचर आणि जुने कपडे घेताना काय बघायचं, आमच्या गिऱ्हाइकांसाठी

दुकानात आल्यावर बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात, हे खरंच जुनं आहे का जुन्यासारखं केलंय? विचारायलाच पाहिजे, कारण नवीन लाकडाला डार्क पॉलिश मारून अँटिक म्हणून विकणारे पण आहेत. खाली लिहिलंय ते वाचा आणि आमच्याच मालावर तपासून बघा, आम्हाला आनंदच आहे.

फर्निचर नुसतं समोरून बघू नका. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, त्याचा तळ आणि मागची बाजू बघा, तिथं सहसा कुणी पॉलिश करत नाही त्यामुळे खरं लाकूड तिथंच दिसतं. हाताने रंधा मारलेल्या फळीवर बोटं फिरवली की हलका उंचसखलपणा लागतो, मशीनची फळी एकदम सपाट. कोपरे नुसते खिळ्यांवर आहेत का खाचा पाडून एकमेकांत बसवलेत ते बघा. स्क्रू मायनसचे असतील तर बहुतेक मूळचे, प्लसचे दिसले तर मधे कधीतरी काम झालंय असं समजा. काम झालं म्हणजे वस्तू वाईट असं अजिबात नाही, चांगल्या सागवानी कपाटाला नवीन बिजागरी लागणारच, फक्त ते गिऱ्हाइकाला माहीत पाहिजे. म्हणून आम्ही काय बदललं ते चिठ्ठीवर लिहून देतो. चिठ्ठी नाही मिळाली तर मागून घ्या.

लाकडात बारीक गोल भोकं दिसली तर वस्तू ठोकून बघा, खाली पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा अजून आत आहे. असा माल घेऊ नका, आमच्याकडे दिसला तरी घेऊ नका, आम्हाला सांगा.

आता आपल्या सोलापूरचं ऊन. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि जोड ढिले पडतात, आणि त्याच खोलीत कूलर लावला की त्याच्या दमट हवेने तेच लाकूड फुगतं, मग ड्रॉवर अडकला म्हणून फोन येतो. कपाट कूलरच्या झोतात ठेवू नका, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो. वेताच्या खुर्चीचं उलटं आहे, वेत कोरडा पडला की तुटतो, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा आणि वाळल्याशिवाय बसू नका.

आणि येताना जिन्याचं, दाराचं, लिफ्टचं माप घेऊन या. वाड्यातलं कपाट फ्लॅटच्या जिन्यात वळत नाही.

कपड्यांचं बघायचं तर साडी कायम दिवसाच्या उजेडात उघडून बघा, ट्यूबलाइटखाली नको. जुनं रेशीम आधी घडीवर विरतं, घडीची जागा उजेडासमोर धरली की लगेच कळतं. विरलेली साडी नेसायला घेऊ नका, रफूसुद्धा टिकत नाही, आम्ही ती पदर-काठाच्या तुकड्यांच्या भावात देतो. इरकलच्या पदराजवळ जोडाची ओळ दिसते तिला मात्र फाटलेलं समजू नका, पदराचा ताणा (म्हणजे उभे धागे) आणि अंगाचा ताणा मागावरच फासे घालून जोडतात, ती ओळ म्हणजे त्या विणकराचं कसब आहे. जरीची साडी मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, डांबर गोळी जरीला लागू देऊ नका, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

टेरिकॉटचे सफारी, बेलबॉटम, जुने शर्ट घेताना लेबलवरचा साइज बघू नका, जुने साइज आजच्यापेक्षा छोटे निघतात. तुमचा नीट बसणारा शर्ट घेऊन या, दोन्ही पसरून काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजू. पेटीतला वास सावलीत वाऱ्यावर टांगल्यावर जातो, सेंट मारू नका, कपड्यावर डाग पडतो.

किमतीवर बोला, चालतं. छोटा हत्तीचं भाडं वेगळं, कपाट खोलून जोडून द्यायचे पैसे घेत नाही.

आणि एक मनापासून, घर रिकामं करताय, वाडा पाडताय, तर दारं, पलंग, आजीची ट्रंक भंगारात द्यायच्या आधी आम्हाला एक फोटो पाठवा. आम्ही नाही घेतलं तरी त्याचं काय करता येईल ते नक्की सांगू.