पाकिस्तानच्या पहिल्या नोटा आणि नाशिकचा छापखाना

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाकडे झेंडा पहिल्या दिवशी असतो, स्वतःचे चलन मात्र बहुतेक वेळा नसते. मधल्या काळात जुन्याच राजवटीच्या नोटांवर नव्या देशाचे नाव घालून त्या चालवाव्या लागतात आणि अशा नोटांना संग्राहक हंगामी नोटा म्हणतात. चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नोटांवर तिकिटे चिकटवून त्या आपल्याशा केल्या. आपल्या उपखंडातील ठळक उदाहरण पाकिस्तानचे आहे आणि मराठी संग्राहकाला ते विशेष जवळचे वाटावे, कारण त्या नोटा नाशिकरोडला छापल्या गेल्या आणि त्यांतील पाच व दहा रुपयांच्या नोटांवर सही आहे ती महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आणि तेव्हा भारतीय रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेल्या चिंतामणराव देशमुखांची.

नोटा छापण्याचे काम नाशिकला १९२८ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. फाळणी झाली तेव्हा नोटा छापणारा हा सरकारी छापखाना भारताच्या वाट्याला आला. पाकिस्तानकडे असा छापखाना नव्हता आणि मध्यवर्ती बँकही नव्हती. म्हणून १४ ऑगस्ट १९४७ च्या एका आदेशाने असे ठरले की, भारतीय रिझर्व्ह बँकेनेच ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही देशांचे चलन सांभाळावे, भारतीय नोटा काही काळ पाकिस्तानात चालू राहाव्यात आणि १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानचे नाव असलेल्या नोटा चलनात आणाव्यात. टपाल तिकिटांच्या बाबतीत हाच मार्ग आधीच अवलंबला गेला होता. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा ठसा नाशिकला उमटवून ती १ ऑक्टोबर १९४७ रोजी विक्रीस आली. ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांत हाताने मारलेल्या ठशांहून वेगळी म्हणून ही ‘नाशिक छपाई’ संग्राहक आजही निराळी ओळखतात.

नोटांच्या बाबतीत मात्र छपाईनंतर ठसा मारला गेला नाही. मूळ भारतीय नोटांच्या प्लेटवरच नवी अक्षरे कोरण्यात आली. जलचिन्हासाठी (वॉटरमार्कसाठी) मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्या जागेत वरच्या बाजूला इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खालच्या बाजूला उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ एवढाच बदल झाला आणि तोही फक्त पुढच्या बाजूला. मागची बाजू जशीच्या तशी राहिली. एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपये अशा पाच किमतींच्या नोटा निघाल्या. एक रुपयाची नोट मुळातच भारत सरकारची असल्याने तिच्यावर अर्थसचिवांची सही होती.

दहा रुपयांची नोट हाती घेऊन नीट वाचली की हा बदल किती विलक्षण होता ते कळते. तिच्यावर रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचे नाव आहे, केंद्र सरकारची हमी आहे, धारकाला दहा रुपये देण्याचे गव्हर्नरांचे वचन आहे, ब्रिटिश राजाचे चित्र आहे, आणि त्याच कागदावर पाकिस्तान सरकारचे नाव आहे. एवढे असूनही ही नोट भारतात कायदेशीर चलन नव्हती. तिची देणेदारी पाकिस्तानची होती. दोन देशांमधली चलनाची वाटणी नेमकी कशी झाली हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही, आणि या नोटेचे मोल मी तिच्या दुर्मीळतेपेक्षा याच गोष्टीत मानतो.

ही व्यवस्था ठरल्याप्रमाणे पूर्ण मुदत चालली नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या शिलकेतून पाकिस्तानला ७५ कोटी रुपये द्यायचे ठरले होते. त्यांपैकी २० कोटी आधीच दिले गेले होते. काश्मीरमधील लढाईमुळे उरलेले ५५ कोटी भारत सरकारने अडवून धरले, आणि गांधीजींनी १३ जानेवारी १९४८ रोजी उपोषण सुरू केल्यानंतर दोनच दिवसांनी ते देण्याचा निर्णय झाला. या तंट्यात रिझर्व्ह बँकही ओढली गेली होती, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे पाकिस्तानला नकोसे झाले. बँकेची जबाबदारी तीन महिने आधीच, ३० जून १९४८ रोजी संपवण्यात आली आणि १ जुलैला कराचीत जिनांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन झाले. म्हणजे रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानसाठी या नोटा चलनात आणल्या त्या अवघे तीन महिने. त्यानंतरही त्या व्यवहारात राहिल्या, कारण पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नव्या नोटा लंडनच्या दि ला रू कंपनीकडून छापून आल्या त्या ऑक्टोबर १९४८ मध्ये, तर एक आणि दोन रुपयांच्या नव्या नोटांसाठी १९४९ उजाडावे लागले. फाळणीच्या वेळच्या मालमत्तेपैकी रिझर्व्ह बँकेकडे अडकलेल्या आपल्या हिश्शाची नोंद पाकिस्तानची स्टेट बँक आपल्या ताळेबंदात अजून करते.

संग्राहकाने एक काळजी मात्र घ्यावी. सहाव्या जॉर्जच्या साध्या भारतीय नोटा आजही बऱ्याच मिळतात, त्यामुळे अशा एखाद्या नोटेवर मागाहून दोन ओळी छापून ती हंगामी म्हणून विकण्याचा मोह होऊ शकतो. अक्षरे प्लेटवरच कोरलेली असल्याने खऱ्या नोटेवर ती बाकीच्या छपाईइतकीच जुनी असतात आणि नोटेची घडी जिथे अक्षरांवरून जाते तिथे शाईही तितकीच झिजलेली असते. घडीच्या तुटक्या तंतूंवर शाई ताजी दिसली, किंवा टाचणीच्या जुन्या भोकात उतरलेली आढळली, तर ती नोट घेऊ नये. भिंग आणि तिरपा उजेड यांखेरीज या तपासणीला दुसरे काही लागत नाही. शेजारी त्याच किमतीची साधी नोट ठेवली तर काम अधिक सोपे होते.

नवजात देशाला चलन पुरवण्याची वेळ नाशिकवर पुन्हा एकदा आली. मार्च १९७१ नंतर पूर्व बंगालमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी नोटांवर बांगला देशाचे रबरी शिक्के उमटू लागले, तेव्हा पाकिस्तानने त्या वर्षीच्या जूनमध्ये शंभर आणि पाचशेच्या नोटा रद्द केल्या. स्वातंत्र्यानंतर ४ मार्च १९७२ रोजी बांगलादेशाने टाका या आपल्या चलनातील एक आणि शंभरच्या पहिल्या नोटा काढल्या. देशाचा नकाशा असलेल्या त्या नोटाही नाशिकलाच छापल्या होत्या.